झेंड्याच्या काठीवरचं दप्तर
नेदरलँड्समधल्या शालान्त परीक्षेच्या दीडशेहून अधिक वर्षांची गोष्ट

जून महिन्याच्या मध्यावर नेदरलँड्समधल्या कुठल्याही वस्तीतून सायकल मारत गेलं, की एक मजेशीर दृश्य दिसतं. घराच्या भिंतीला तिरपी झेंड्याची काठी, तिला लाल-पांढरा-निळा डच झेंडा आणि काठीच्या टोकाला लटकवलेलं शाळेचं दप्तर. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, दप्तर धुऊन वाळत घातलंय की काय! पण त्याचा अर्थ एवढाच, की या घरातलं मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झालं. आपल्याकडे पेढे वाटतात, इकडे दप्तर टांगतात.

आपल्यापैकी बरेच जण इथे नोकरीनिमित्त आले, तेव्हा मुलं लहान होती किंवा झालेलीच नव्हती. आता तीच मुलं इयत्ता आठवीत, म्हणजे इकडच्या 'ग्रूप आख्त'मध्ये (वय वर्षं अकरा-बारा) पोचली आहेत आणि गणेशोत्सवाच्या जेवणावळीत एकच विषय असतो: "तुमच्याला अॅडव्हाइस काय मिळाला?" हावो मिळाला म्हणून आवाज बारीक झालेले आईबाप मी पाहिले आहेत. म्हणून म्हटलं, ही व्यवस्था आली कुठून, ते एकदा नीट वाचून काढावं. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण जुनी सिस्टिम समजून घ्यायची तर आधी ती का आणि कोणासाठी लिहिली गेली हे पाहावं लागतं, एवढं या धंद्यात शिकलोय.

दोन देश, दोन दरवाजे

सुरुवात जवळजवळ एकाच काळात होते. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली आणि त्यात पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं होतं. स्वतः शिकवणं कमी, परीक्षा घेणं हे मुख्य काम. म्हणजे आपली मॅट्रिक ही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हतीच. ती विद्यापीठाने आपल्या दारात बसवलेली चाळणी होती. शाळांनी मग आपला सगळा अभ्यास त्या चाळणीच्या भोकांच्या मापाने बेतला.

नेदरलँड्समध्ये झालं बरोबर उलटं. १८४८ च्या राज्यघटनेचे शिल्पकार योहान रुडॉल्फ थॉर्बेके यांनी १८६३ मध्ये माध्यमिक शिक्षणाचा कायदा आणला. त्यातून 'होखेरे बुर्खरस्कोल', म्हणजेच एचबीएस, ही नवीन शाळा जन्माला आली. व्यापार, उद्योग, कारखानदारी यांत पडणाऱ्या मध्यमवर्गीय मुलांसाठी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि आधुनिक भाषा शिकवणारी शाळा. लॅटिन नाही, ग्रीक नाही. परीक्षा मात्र कडक. सुरुवातीच्या काळात ती शाळेचे स्वतःचे मास्तर घेत नसत, प्रांताने नेमलेली समिती घेत असे.

आणि एवढी कडक परीक्षा पास होऊन विद्यापीठाचा दरवाजा उघडत होता का? नाही! विद्यापीठाची पदवी परीक्षा द्यायची तर लॅटिन-ग्रीक हवंच. ते फक्त जिम्नॅशियममध्ये शिकवत. थोडक्यात, आपल्याकडे विद्यापीठाने दरवाजा बांधला आणि शाळा त्याच्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या. इकडे सरकारने एक उत्तम शाळा बांधली आणि विद्यापीठ तिला ओळख दाखवायला तयार नव्हतं.

ज्यांचं सर्टिफिकेट चालत नव्हतं ते

यात अडकलेली नावं वाचली की थक्क व्हायला होतं. अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये 'व्हान डर वाल्स फोर्सेस' आपण सगळ्यांनी घोकले आहेत. हे योहानेस व्हान डर वाल्स आधी प्राथमिक शाळेत मास्तर होते. लायडनला लेक्चर्सना बसत, पण लॅटिन-ग्रीक येत नसल्यामुळे पदवी परीक्षेला बसू शकत नव्हते. पुढे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या अटीतून सूट मिळण्याची सोय झाली, आणि १८७३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९१० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल! हेंड्रिक लॉरेंट्स आर्नेमच्या एचबीएसचे. विद्यापीठात जायला त्यांना ग्रीक-लॅटिन वेगळं शिकावं लागलं. पीटर झीमन झिरिकझेच्या एचबीएसचे. त्यानंतर केवळ या दोन जुन्या भाषांसाठी त्यांनी डेल्फ्टमध्ये दोन वर्षं घालवली. लॉरेंट्स आणि झीमन यांना १९०२ चं नोबेल विभागून मिळालं. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल मिळवणारे व्हान्ट हॉफ आणि १९१३ चे कामरलिंग ओनेस हेही एचबीएसचेच विद्यार्थी.

एवढी नोबेल पदरात पडल्यावरसुद्धा कायदा बदलायला १९१७ साल उजाडलं. 'लिंबुर्ग कायदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने एचबीएसच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि वैद्यकशास्त्राच्या विद्यापीठ परीक्षा लॅटिन-ग्रीकशिवाय खुल्या झाल्या. १८६३ ते १९१७, म्हणजे ५४ वर्षं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम्समधला इंटरफेस लिहायला ५४ वर्षं लागली.

यातली सगळ्यात हृद्य गोष्ट आलेता याकॉब्स यांची. ग्रोनिंगन प्रांतातल्या साप्पेमेर गावच्या डॉक्टरची ही मुलगी. मुलींना एचबीएसमध्ये रीतसर प्रवेश नव्हता, तिला नुसतं वर्गात बसून ऐकायची परवानगी मिळाली. १८७० मध्ये तिने औषधनिर्मात्याच्या उमेदवारीची परीक्षा पास केली. गंमत म्हणजे याच छोट्याशा सर्टिफिकेटमुळे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतून तिला सूट मिळत होती. मग सतरा वर्षांच्या आलेताने १८७१ मध्ये थेट पंतप्रधान थॉर्बेकेंना पत्र लिहिलं, की मला विद्यापीठात जायचंय. थॉर्बेकेंनी उत्तर पाठवलं, पण तिला नाही, तिच्या वडिलांना! तरी एक वर्षाची चाचणी परवानगी मिळाली आणि १८७२ मध्ये, थॉर्बेकेंच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, ती कायम झाली. १८७९ मध्ये आलेता डॉक्टरेट घेऊन बाहेर पडल्या.

हे वाचताना आनंदीबाई जोशींची आठवण आल्याशिवाय राहत नाही. कुठलीही मॅट्रिक पास न झालेली ही मुलगी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहून प्रवेश मागते, डीन रेचल बॉडली तो देतात आणि १८८६ मध्ये ती डॉक्टर होते. दोन्ही गोष्टींत नियमाच्या चौकटीत न बसणारी मुलगी आहे आणि तिच्या पदरात जे काही आहे ते 'चालेल' असं म्हणणारं एक माणूस आहे.

आपल्याकडे मॅट्रिकची चाळणी किती बारीक होती हे सांगायला एक तारीख पुरे. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या समाजाने जाहीर सत्कार केला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. एका सर्टिफिकेटसाठी सभा भरावी, इतकं ते दुर्मीळ होतं. आपल्या आजोबांच्या पिढीत दाराच्या पाटीवर 'मॅट्रिक' लिहीत, आणि 'नॉन-मॅट्रिक' हासुद्धा एक दर्जा होता!

मॅमथ येतो

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्हीकडे घरदुरुस्ती सुरू झाली. मुंबई प्रांतात मॅट्रिक विद्यापीठाकडून काढून वेगळ्या बोर्डाकडे दिली गेली आणि १९४९ मध्ये पहिली एसएससी झाली. कोठारी आयोगानंतर १०+२+३ चा आराखडा आला. आपल्याकडे दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ ची. त्याआधी एसएससी अकरावीला असे, म्हणून आपले आईवडील किंवा मामा-काका अजून "आमची अकरावी मॅट्रिक" म्हणतात.

इकडे शिक्षणमंत्री यो काल्स यांनी सगळ्या माध्यमिक शाळांना एका छपराखाली आणणारा प्रचंड कायदा मांडला. एका खासदाराने वैतागून म्हटलं, की या मॅमथला परीकथेतच राहू द्या. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'मॅमथ कायदा'. १९६३ मध्ये तो संमत झाला, १ ऑगस्ट १९६८ पासून लागू झाला. एचबीएस गेली. व्हीडब्ल्यूओ, हावो, मावो अशी आज ओळखीची वाटणारी नावं आली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका शाखेतून दुसरीत जायला रीतसर जिने बसवले गेले.

त्याच सुमारास अॅम्स्टरडॅमचे मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रूट (हे बुद्धिबळपटूही होते, आणि बुद्धिबळपटू विचार कसा करतात यावरचं त्यांचं संशोधन जगप्रसिद्ध आहे) यांनी १९६६ मध्ये एक पुस्तक लिहिलं. विषय असा, की डच मास्तर जे पाच-सहा मार्क देतात त्यात न्याय किती आणि सवय किती. त्यांच्याच प्रयत्नांतून अॅम्स्टरडॅमची शालेय चाचणी आणि १९६८ मध्ये सीतो ही संस्था उभी राहिली. म्हणजे ज्या 'सीतो टेस्ट'च्या नावाने पालकांच्या पोटात गोळा येई, ती मुळात मास्तरच्या मर्जीतून मुलाला सोडवण्यासाठी आली होती. कारकुनाचं हुशार पोर केवळ बापाच्या धंद्यावरून खालच्या शाळेत जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

मॅमथ कायद्याने विषय निवडायची मोकळीक दिली: व्हीडब्ल्यूओला सात विषय, हावोला सहा. मुलं ती मुलंच! त्यांनी गणित वगळून सोपे सोपे विषय घ्यायला सुरुवात केली. त्याला नावच पडलं 'प्रेतपाकेत' (घाबरू नका, डचमध्ये 'प्रेत' म्हणजे मजा!). मजेचं पॅकेज घेतलेली मुलं विद्यापीठाच्या दारात अडू लागली, तेव्हा १९९८-९९ मध्ये चार 'प्रोफाइल्स' आली: निसर्ग-तंत्रज्ञान, निसर्ग-आरोग्य, अर्थ-समाज आणि संस्कृती-समाज.

तास मोजायचे की ज्ञान?

याच सुधारणेत क्रेडिटची कल्पना शाळेत शिरली. अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने हायस्कूलच्या विषयाचं माप ठरवलं होतं: वर्षाला साधारण १२० तास म्हणजे एक युनिट. डच विद्यापीठांत १९८० च्या दशकात वर्षाला ४२ 'स्टडी पॉइंट' होते, एक पॉइंट म्हणजे ४० तासांचा एक आठवडा. बोलोन्या करारानंतर २००२ मध्ये त्याचे युरोपीय पद्धतीचे ६० क्रेडिट झाले, एक क्रेडिट २८ तासांचं. गुणाकार करून पाहा, दोन्हीकडे उत्तर १६८० तासच येतं! फक्त एकक बदललं.

शाळेतही तसंच झालं. हावोच्या शेवटच्या दोन वर्षांना ३२०० तास, व्हीडब्ल्यूओच्या शेवटच्या तीन वर्षांना ४८०० तास अभ्यासभार ठरला. कागदावर छान दिसलं. पण मुलांच्या डोक्यावर असाइनमेंट्सचा एवढा डोंगर आला, की डिसेंबर १९९९ मध्ये हजारो विद्यार्थी हेगमध्ये रस्त्यावर उतरले. २००७ मध्ये पुन्हा तेच. वर्षाला १०४० तास भरलेच पाहिजेत या नियमापायी शाळा मुलांना नुसतं वर्गात बसवून ठेवत होत्या. मुलांनी त्या तासांना नाव दिलं 'ओपहोक-उरेन', म्हणजे शुद्ध मराठीत कोंडवाड्याचे तास. इंजिनिअरिंगला टर्म ग्रँट होण्यासाठी अटेंडन्स भरलेल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.

अर्धं घरचं, अर्धं बाहेरचं

आता मुख्य मुद्दा. डच मूल शाळा 'पास' झालं हे ठरतं कसं?

अर्धे मार्क शाळेचे, अर्धे देशाचे. शेवटच्या वर्षांतल्या शाळेच्या परीक्षा, प्रॅक्टिकल्स, तोंडी परीक्षा यांचा एक मार्क, आणि मे महिन्यात देशभर एकाच वेळी होणाऱ्या केंद्रीय परीक्षेचा एक मार्क. दोन्हींची सरासरी. पेपर आधी आपलेच मास्तर तपासतात, मग दुसऱ्या शाळेतले मास्तर तोच पेपर पुन्हा तपासतात. दहापैकी ५.५ च्या पुढे सहा धरतात आणि सहा म्हणजे पास. एखादा पाच चालतो. आणखी खाली गेलात तर दुसऱ्या विषयांतून भरून काढावं लागतं. २०१२ पासून केंद्रीय परीक्षेची सरासरी किमान ५.५ हवी, आणि त्यानंतर हावो-व्हीडब्ल्यूओला डच, इंग्लिश, गणित या तिघांत मिळून एकच पाच चालतो.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मार्कांचं सूत्र. मिळालेले गुण भागिले एकूण गुण, गुणिले नऊ, अधिक 'एन'. हा एन परीक्षेनंतर ठरतो, साधारण एकच्या आसपास. ७० पैकी ३५ पडले आणि एन १ असेल तर ४.५ + १ = ५.५, म्हणजे काठावर पास. पेपर फारच अवघड गेला असं दिसलं आणि एन १.४ केला, की तोच मुलगा ५.९ वर. आपल्या 'ग्रेस मार्कां'सारखंच, पण सगळ्यांना सारखं आणि उघड उघड.

ही अर्धी-अर्धी वाटणी किती गंभीरपणे घेतात ते २०१८ मध्ये मास्त्रिख्तला दिसलं. तिथल्या एका व्हीएमबीओ शाळेतल्या मुलांनी केंद्रीय परीक्षा दिली होती. मग इन्स्पेक्टरांच्या लक्षात आलं, की शाळेच्या वाट्याच्या परीक्षा नीट घेतलेल्याच नाहीत. जूनच्या अखेरीस ३५४ मुलांना कळवण्यात आलं, की तुमची परीक्षा ग्राह्य धरता येत नाही. चूक मुलांची नव्हती, पण नियम नियम होता. मुलांनी राहिलेल्या परीक्षा नंतर भरून काढल्या. या प्रकरणाने देश हादरला आणि पुढे प्रत्येक शाळेत परीक्षा समिती असणं कायद्याने सक्तीचं झालं. उलट बाजूची कमजोरी २०१३ मध्ये दिसली होती. रॉटरडॅमच्या एका शाळेतून पेपर चोरीला गेले आणि फ्रेंचची परीक्षा देशभर पुढे ढकलावी लागली. घरच्या मोजणीत हलगर्जी होऊ शकते, बाहेरच्या मोजणीत फोडाफोडी. म्हणूनच दोन्ही एकमेकांवर लक्ष ठेवतात.

२०२० मध्ये कोरोनाने खरी कसोटी घेतली. डच सरकारने मार्चमध्येच केंद्रीय परीक्षा रद्द केली, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच. शाळेचे अर्धे मार्क तयार होते, त्यावर निकाल लावला. आपल्याकडे त्या वर्षी दहावीचा फक्त भूगोलाचा पेपर राहिला होता, तो रद्द करून सरासरीने मार्क दिले. पण २०२१ मध्ये पूर्ण परीक्षाच रद्द झाली, तेव्हा बोर्डाकडे शाळेचा मोजलेला 'अर्धा भाग' नव्हता. मग नववीचे मार्क, अंतर्गत परीक्षा, प्रॅक्टिकल अशी गोळाबेरीज करावी लागली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के!

जिने चढत जाणं

आता पुन्हा त्या जेवणावळीतल्या प्रश्नाकडे. बाराव्या वर्षी मुलावर शिक्का मारतात, ही आपली तक्रार. ती अगदीच खोटी नाही. इथले शिक्षणतज्ज्ञसुद्धा इतक्या लवकर वाटा वेगळ्या करण्याविषयी वर्षानुवर्षं भांडत आहेत, आणि घरी डच न बोलणाऱ्या मुलांना अंदाज कमी मिळतो का, ही काळजी रास्त आहे. म्हणून नियम माहीत हवेत. २०२४ पासून सीतोच्या जागी आलेली 'दोरस्ट्रोमटूट्स' जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्यात मूल शाळेच्या सल्ल्यापेक्षा वर गेलं तर शाळेने सल्ला वर न्यायचा, न नेल्यास त्याचं कारण द्यायचं. २०२० पासून व्हीएमबीओच्या थिअरी शाखेतून एक जादा विषय घेऊन पास झालेल्या मुलाला हावोत जायचा कायदेशीर हक्क आहे. पुढे हावोतून व्हीडब्ल्यूओ, किंवा एमबीओ, एचबीओ, मग विद्यापीठ. डच याला 'स्तापलन' म्हणतात, एकावर एक रचणं. मोठेपणी परत यायचं असेल तर 'स्टाट्सएक्झामन' आहे. आपल्या १७ नंबरच्या फॉर्मचा हा डच भाऊ.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? मी स्वतः दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला आणि 'डायरेक्ट सेकंड इयर'ला डिग्रीत आलो. माझ्या वर्गात असे बरेच होते. नातेवाइकांनी तेव्हा "अरेरे, बारावी नाही का केली?" असं विचारलंच होतं. आज माझ्या सीव्हीवर कोणी तो जिना शोधत नाही, वरचा मजला बघतात. पण हेही खरं, की तो जिना कोणीतरी कायद्यात लिहून ठेवला होता म्हणून मला चढता आला.

आणखी एक फरक मनाशी ठेवण्यासारखा आहे. आपण 'बोर्डात आलेल्या' मुलांच्या फोटोंवर वाढलो. इकडे गंमतीने म्हणतात, दहा देवाचे, नऊ मास्तरांचे. वैद्यकीय प्रवेशासाठी तर इथे चक्क लॉटरी होती. १९९६ मध्ये ९.६ सरासरीच्या एका मुलीचा त्यात नंबर लागला नाही आणि देशभर गदारोळ झाला, तेव्हा १९९९ पासून आठच्या वर सरासरी असलेल्यांना थेट प्रवेश देण्यात आला. आपल्या कानांना लॉटरी हा अन्याय वाटतो. पण एका मार्काच्या शंभराव्या भागावरून डॉक्टर कोण होणार हे ठरवणं, हा कितीसा न्याय, हा प्रश्नही त्यांनी विचारला होता.

दीडशे वर्षांच्या या गोष्टीतून मला एवढंच दिसतं, की सर्टिफिकेट म्हणजे मुलाची किंमत नव्हे. त्या त्या काळातल्या लोकांनी काय मोजायचं आणि कोणी मोजायचं यावर केलेली ती तडजोड आहे. एके काळी लॅटिन न येणारा माणूस विद्यापीठाच्या लेखी अशिक्षित होता, आणि त्याचंच नाव आज पाठ्यपुस्तकात आहे. नियम माणसांनीच लिहिले आणि पत्र लिहून, मोर्चे काढून, प्रश्न विचारून माणसांनीच बदलले. तेव्हा येत्या फेब्रुवारीत ज्यांच्या घरी ती टेस्ट आहे त्यांनी शाळेत जरूर जावं, सल्ल्यामागचं कारण विचारावं, न पटल्यास दुसऱ्यांदा विचारावं. इथे त्याला उद्धटपणा समजत नाहीत. आणि सल्ला काहीही येवो, मुलाला त्या दिवशी त्याच्या आवडीचं जेवण मिळावं.

सगळ्या वाचकांना, आणि खास करून ग्रूप आख्तच्या आईबाबांना, दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!